उचलून नको

मीना हे लेबनॉनमधल्या त्रिपोली शहराचं बंदर. तिथे सुतारांच्या गल्लीत अबू ममदूहचं खुर्च्या-कपाटांचं दुकान होतं. त्याला दोन मुलं. थोरला ममदूह आणि त्याच्याहून पाच वर्षांनी धाकटी विसाल. विसाल तीन वर्षांची असताना तिला पोलिओ झाला आणि तिचे दोन्ही पाय गेले. आईनं तिच्या मांड्यांना कोमट ऑलिव्ह तेल चोळून चोळून स्वतःचे तळवे सोलवटून घेतले. मशिदीत नवस बोलून झाला, शेजारणीच्या सांगण्यावरून चर्चमधल्या संतापुढे मेणबत्तीही लावून झाली. शेवटी बापानं बैरूतहून चामड्याचे पट्टे आणि लोखंडी सळ्यांचे कॅलिपर करून आणले आणि विषय संपवला.

"आता रडणं बंद," तो बायकोला म्हणाला. "पोरगी शाळेत जाईल."

मुलींच्या शाळेतल्या मोठ्या बाई भल्या होत्या. त्यांनी विसालच्या गालाला हात लावला, तिच्याकडून दहापर्यंत आकडे म्हणून घेतले आणि मग बापाला म्हणाल्या, "हुशार आहे. घ्यायला माझी काहीच हरकत नाही. पण वर्ग वरच्या मजल्यावर आहे, आणि आमच्याकडे उचलणारा माणूस नाही."

"मी आहे की," ममदूह म्हणाला. तो तेव्हा अकरा वर्षांचा होता.

तेव्हापासून रोज सकाळी ममदूह बहिणीला पाठुंगळी घेऊन गल्लीतून निघायचा, तिला वरच्या मजल्यावर बाकावर बसवायचा आणि धावत स्वतःच्या शाळेत जायचा. तो कायम उशिरा पोचायचा आणि तळहातावर छड्या खायचा. बहिणीमुळे उशीर झाला हे त्यानं मास्तरांना कधी सांगितलं नाही, कारण पोरं त्याला "गाढव" म्हणून चिडवत आणि त्यात आणखी भर नको होती. विसालला त्या वयातला ममदूह आठवतो तो मागून: मानेवरचा तीळ, कानामागचा घाम, लाकडाच्या भुशाचा वास. ती त्याच्या पाठीवरून सगळ्या मीनाला सलाम करत जायची. काक, म्हणजे तिळाची रोटी, विकणारा तिच्या हातात एक तुकडा ठेवायचा आणि ती अर्धा ममदूहच्या तोंडात कोंबायची.

एक गोष्ट मात्र तिनं त्याला सांगितली नाही. शाळेचा संडास खाली अंगणात होता. म्हणून ती सकाळपासून पाणी प्यायची नाही. उन्हाळ्यात जीभ टाळूला चिकटायची, बाई धडा वाचायला उभं करायच्या ऐवजी बसूनच वाच म्हणायच्या, आणि शब्द कोरडे बाहेर पडायचे.

विसालला प्राथमिकचं प्रमाणपत्र मिळालं त्याच वर्षी ममदूह बंदरावर हमालीला लागला. पहाटे जायचा, अंधार पडल्यावर यायचा. विसालची शाळा कुणी बंद केली नाही. उचलणारा राहिला नाही, म्हणून ती बंद पडली.

बापानं तिला दुकानात बसवलं, तेही आत नाही, अगदी दारात. लाख स्पिरिटमध्ये विरघळवायची, कापसाचा बोळा फडक्यात गुंडाळायचा आणि लाकडावर गोल गोल फिरवत राहायचं, हे काम तिच्या वाट्याला आलं. पायांतली ताकद जणू तिच्या दंडांत उतरली होती. गिऱ्हाईक यायचं, कॅलिपरकडे बघायचं, जीभ चुकचुकायचं, "बिचारी" म्हणायचं आणि मग किमतीवरून बापाशी हुज्जत घालायचं.

"बाबा, बिचारी म्हणणाऱ्याला किंमत कमी करू नका," ती म्हणायची.

"उलट वाढवतो," बाप म्हणायचा.

ती विशीत असताना देशातल्या गटागटांत लढाई सुरू झाली. त्यांचं घर दुसऱ्या मजल्यावर होतं. तोफा सुरू झाल्या की सगळी इमारत खाली तळघरात पळायची. ममदूह आधी विसालला खाली ठेवून यायचा आणि मग आईला आणायला परत वर जायचा. पण एका दुपारी तो बंदरावर अडकला होता आणि बाप लाकूड आणायला गेला होता, तेव्हाच मारा सुरू झाला. जिन्यात धावण्याचे आवाज झाले, दारं आपटली, मग सगळं शांत झालं. आईला काही विसाल उचलली जाईना.

"तू जा खाली," विसाल म्हणाली.

"गप्प बस," आई म्हणाली. तिनं मुलीला फरफटत बोळकांडीत दोन भिंतींच्या मधे आणलं, स्वतः शेजारी बसली आणि मारा थांबेपर्यंत गोळे सोडणाऱ्यांच्या सात पिढ्यांना शिव्या घालत राहिली. आईला इतक्या शिव्या येतात हे विसालला त्या दुपारी कळलं.

सगळं निवल्यावर खालच्या मजल्यावरची बाई वर आली आणि दारातच थबकली. "अगं माझी आई! तुम्ही वरच होतात? आमच्या लक्षातच आलं नाही गं."

ती बाई वाईट नव्हती. दर रमजानला ती घरचं गोड पाठवायची. म्हणूनच तिचं ते बोलणं विसालच्या मनातून जाईना. आपण कुणाच्या लक्षातच नव्हतो. मग आपल्यासारखी आणखी किती माणसं वर बसून राहिली असतील?

दुसऱ्या दिवसापासून ती दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला विचारू लागली, "तुमच्या इमारतीत खाली उतरता न येणारं कोण आहे?" आधी लोक म्हणायचे, कुणी नाही. मग थोडा विचार करायचे आणि म्हणायचे, हां, ते आंधळे मास्तर आहेत. हां, त्या न्हाव्याची आई आहे. नावं विसालच्या डोक्यात पक्की बसत गेली. बापानं दुकानातली हातगाडी तिला दिली. तिच्यावर बसून, हातांनी जमीन रेटत विसाल एकेका दाराशी जायची, खालून हाका मारायची, आणि खिडकीतून डोकावणाऱ्या माणसाशी मान वर करून बोलायची. तिनं मीनातल्या दुकानदारांच्या मागे लागून तळमजल्यावरच्या वखारी मिळवल्या, म्हणजे अशा माणसांना मारा सुरू व्हायच्या आधीच तिथे झोपता येईल. संघटना वगैरे शब्द तेव्हा कुणाच्या तोंडी नव्हता. "विसालची माणसं" म्हणत लोक.

फवाज तिथेच भेटला. फर्निचर वाहून नेणारा उंचापुरा गडी, गुडघ्याखाली एक पाय गोळ्यानं नेलेला. पहिल्या दिवशी तो वखारीत आला आणि सगळ्यांकडे बघून म्हणाला, "मी तुमच्यातला नाही. तुम्ही आजारानं झालेले. मी लढाईतला आहे."

"गोळा लागला तेव्हा लढत होतास का?" विसालनं विचारलं.

फवाज गडबडला. "नाही. काक घ्यायला गेलो होतो."

आंधळे मास्तर आधी हसले आणि मग कुणालाच हसू आवरेना. फवाजही हसला. तो जो तिथे बसला तो कायमचाच. पुढे गटागटांचे लोक त्यांच्या जखमी पोरांसाठी चाकाच्या खुर्च्या वाटायला येत, तेव्हा तोच दारात कुबडी आडवी धरून म्हणायचा, "वीरांना देता तशी न्हाव्याच्या आईलाही द्या. तीही तुमच्याच गोळ्यांखाली बसलीय."

लढाई थांबली. आईबाप गेले. ममदूहचं लग्न झालं, त्याला दोन मुलगे झाले. 'विसालच्या माणसां'ची रीतसर संघटना झाली; दुकानाचा अर्धा भाग विसालनं तिला दिला आणि उरलेल्या अर्ध्यात लाख घोटत राहिली. दवाखान्याला चाकाच्या खुर्चीसाठी उतरता रस्ता मिळाला, पोस्टाला मिळाला. बेकरीवाल्यानं स्वतःहून केला आणि वर फुशारकी मारली की ही माझीच कल्पना. बैरूतला मोर्चे झाले, मंत्र्यांपुढे बसणं झालं, कितीतरी वर्षांनी अपंगांच्या हक्कांचा कायदाही झाला. फवाजनं तो छापील कायदा मोठ्यानं वाचला आणि म्हणाला, "छान आहे. फ्रेम तूच कर. लाकूड चांगलं वापर."

एव्हाना विसालचे खांदे बोलायला लागले होते. इतकी वर्षं कुबड्यांवर शरीराचं सगळं ओझं त्यांनीच वाहिलं होतं. कुबड्या सुटल्या, खुर्ची आली.

निवडणुकीचं मतदान त्याच जुन्या मुलींच्या शाळेत असायचं, बायकांची आणि पुरुषांची, दोन्ही खोल्या वर. दर वेळी ममदूह उचलायला यायचा आणि ती जायची. अशाच एका निवडणुकीत एका उमेदवाराची टोप्या घातलेली पोरंही धावली. चौघांनी खुर्ची उचलली, ममदूहनं पुढून धरली. वळणावर खुर्ची कलली. विसालचा झगा गुडघ्याच्या वर सरकला, आणि दोन्ही हातांनी खुर्ची घट्ट धरल्यामुळे तिला तो सारखा करता येईना. कुणाचातरी हात तिच्या कमरेवर होता. "धीर धरा मावशी, पोचलोच," एक जण म्हणाला. कॅमेरा चमकला.

पुढच्या आठवड्यात उमेदवाराच्या पत्रकावर तो फोटो आला. खाली लिहिलं होतं, आमची जनता अशाही अवस्थेत आमच्यासाठी येते. विसालनं तो बराच वेळ पाहिला. एक बूट पायातून निघून लोंबत होता. तोंड उघडं पडलं होतं. टोपीवाले चौघे छान हसत होते. ममदूह फक्त छातीपर्यंत होता. त्याचं डोकं कापलं गेलं होतं.

तिनं पत्रक चुलीत घातलं. पण त्यानंतर ती काहीतरी ठरवून बसली.

पुढच्या निवडणुकीच्या दिवशी ती सकाळी लवकर शाळेत पोचली आणि जिन्यासमोर खुर्चीचा ब्रेक लावून बसली. बरोबर फवाज होता. नव्या कृत्रिम पायावर त्याला वर चढता आलं असतं, पण तोही पहिल्या पायरीवर ठाण मांडून बसला. हळूहळू संघटनेची आणखी माणसं आली. टोपीवाली पोरं आली. टोप्यांचे रंग वेगळे होते, बोलणं तेच होतं.

"चला मावशी, चौघं आहोत. पाखरासारखं वर नेतो."

"पेटी खाली आणा," विसाल म्हणाली.

"कसली पेटी?"

"मतांची. मी वर जाऊ शकत नाही, ती खाली येऊ शकते. वजनानं ती माझ्याहून हलकीच आहे."

केंद्रप्रमुख खाली आले. दुसऱ्या गावचे शिक्षक, घामाघूम झालेले. त्यांनी तिच्यासमोर उकिडवं बसून, बाईंना आदरानं म्हणतात तसं 'सित्त' म्हणत सांगितलं, "सित्त विसाल, नियमानं पेटी खोलीबाहेर काढता येत नाही. माझी नोकरी जाईल."

"नियमानं मला मत देता यायला हवं. त्याचं काय?"

"तेही खरं आहे," ते म्हणाले, आणि फोन लावत बसले. पलीकडून कुणी घेत नव्हतं.

वर जाणाऱ्या बायका वाट काढून जात होत्या. "एका मतासाठी एवढं?" कुणी पुटपुटली. "आम्हालाही गुडघे आहेत, आम्ही जातोच ना?" दुसरी म्हणाली. मग काळ्या ओढणीतली एक म्हातारी पायऱ्यांपाशी आली, वर बघितलं, कंबर धरली आणि फवाजला म्हणाली, "मी अपंग नाही रे बाळा. नुसती म्हातारी आहे. मी बसले तर चालेल?"

"बसा आजी. आमच्याकडे सगळं चालतं," फवाज म्हणाला आणि सरकून जागा केली.

तेवढ्यात ममदूह आला. इस्त्रीचा सदरा, दाढी केलेली, मागे दोन्ही मुलगे. बंदरावरच्या कामानं त्याची कंबर वाकली होती, त्यामुळे तो हल्ली समोरच्याच्या पोटाशी बोलतोय असं वाटायचं.

"चल," तो म्हणाला.

"नाही ममदूह."

"मी नाही उचलत. पोरं उचलतील."

"पोरंही नकोत."

"जन्मभर चाललं. आज काय झालं?"

"आज नाही झालं. त्या फोटोच्या दिवशी झालं."

ममदूहचे ओठ हलले. "त्यात तर माझं डोकंही नव्हतं. मी काही म्हणालो का?"

"म्हणायला हवं होतंस."

आजूबाजूची माणसं ऐकत होती. टोपीवाला पोरगा खोटंच खाकरला. ममदूहच्या मानेवर लाली चढली. तो तिला वळसा घालून जिना चढू लागला, आणि विसाल बघत राहिली. त्यानं कठडा दोन्ही हातांनी धरला होता. तीन पायऱ्या चढला की थांबायचा, श्वास घ्यायचा, पुढचा पाय हातानं ओढल्यासारखा वर घ्यायचा. वळणावर तो भिंतीला टेकला. मागच्या वेळी ह्यानंच तिची खुर्ची पुढून धरली होती. तिला तेव्हा त्याची फक्त पाठ दिसली होती.

मत देऊन तो खाली आला आणि तिच्याकडे न बघता निघून गेला.

संध्याकाळी दारं बंद झाली. विसालनं मत दिलं नाही, त्या म्हातारीनंही नाही. केंद्रप्रमुखांनी जाताना हात छातीवर ठेवला आणि म्हणाले, "मी वर कळवेन." एका वर्तमानपत्राचा माणूस आला, त्यानं विचारून फोटो काढला. तिनं आधी झगा नीट केला, ओढणी सारखी केली आणि मग हो म्हणाली.

ममदूह काही तिच्याकडे येईना. आधी आठवड्यातून दोनदा कॉफी प्यायला यायचा. हिवाळा लागला, समुद्रावरून बोचरं वारं यायला लागलं, तरी नाही.

"फोन कर," फवाज म्हणाला.

"उचलत नाही."

"बघ. तू नको म्हणालीस म्हणून त्यानं सगळंच उचलायचं सोडलं."

विसाल हसली नाही. दुसऱ्या दिवशी ती ममदूहच्या इमारतीशी गेली. तो पहिल्या मजल्यावर राहायचा. तिनं खुर्ची जिन्याला लावली, खाली उतरली आणि जिन्याकडे पाठ करून पहिल्या पायरीवर बसली. मग दोन्ही हात मागे टेकून अंग वर ढकललं. दुसरी पायरी. लहानपणी घरात कुणी नसताना ती अशीच चढायची. तेव्हा खांदे नवे होते. शेजारचा भाजीवाला धावत आला, त्याला तिनं हात वर करून थांबवलं. "नको बाबा, भावाकडे चाललेय." तो बिचारा खुर्चीजवळच उभा राहिला, ती कुणी नेऊ नये म्हणून.

आवाज ऐकून ममदूहनं दार उघडलं. "हे काय चालवलंयस? वेड लागलंय?"

"तू येत नाहीस. मग मी आले."

तो घाईनं दोन पायऱ्या उतरला. हात पुढे गेले आणि मधेच थांबले. "हात देऊ?" त्यानं विचारलं.

असं त्यानं जन्मात कधी विचारलं नव्हतं. "नको," ती म्हणाली. "तिथेच बस. बोल माझ्याशी."

तो कण्हत बसला.

"सगळ्या मीनासमोर मला नको म्हणालीस," तो म्हणाला. "लोक म्हणतात, तिला भावाची लाज वाटते."

"शाळेत मी दिवसभर पाणी प्यायचे नाही. तुला ठाऊक होतं?"

"का?"

"संडास खाली होता."

ममदूहनं कपाळाला हात लावला. मग म्हणाला, "सांगितलं का नाहीस? मी दुपारी आलो असतो."

"म्हणूनच नाही सांगितलं. तू आला असतास आणि आणखी छड्या खाल्ल्या असत्यास." तिनं दम घेतला. "तू रोज यायचास म्हणून शाळेला काही करावंच लागलं नाही. ना वर संडास, ना खाली वर्ग. मोठ्या बाई तुला आशीर्वाद द्यायच्या आणि मोकळ्या व्हायच्या. अजून तेच चाललंय, ममदूह. कुणीतरी उचलतं, म्हणून कुणी काही करत नाही."

"म्हणजे चूक माझी."

"अकरा वर्षांच्या पोराची कसली चूक? मी तुझ्याच पाठीवर शिकले. पण त्या टोप्या घातलेल्यांना मी नको होते रे. त्यांना फोटो हवा होता."

ममदूहनं तळहातांकडे बघितलं. आतून कपबश्यांचा आवाज येत होता.

"तू जड होतीस," तो शेवटी म्हणाला. "नऊ वर्षांची झालीस तेव्हापासून. फार जड. ते लोखंड तर मांडीला असं रुतायचं."

"कधी बोलला नाहीस!"

"कुणाला बोलू? बाबांना? त्यांनी लाकडासारखा माझ्यावर रंधा मारला असता."

विसालला हसू फुटलं, इतकं की हात सटकता सटकता राहिला. ममदूहही खांदे हलवत हसू लागला आणि कमरेत कळ आली म्हणून थांबला. वरून त्याच्या बायकोनं विचारलं, "कॉफी जिन्यातच आणू का?"

"इथेच आण," दोघं एकदम म्हणाली.

उतरताना मात्र तिच्या खांद्यांत जीव राहिला नव्हता. भाच्यांनी आधी विचारलं, कुठे धरू आत्या, कसं धरू. तिनं सांगितलं तसं त्यांनी तिला खाली नेलं. पुढे दोन आठवडे तिला लाखेचा बोळाही धरता आला नाही.

पुढची निवडणूक नगरपालिकेची होती. त्या शाळेत बायकांची एक खोली तळमजल्यावर आली. गावातल्या बाकीच्या शाळांमध्ये काहीच बदललं नाही, संघटनेच्या माणसांनी तिथे पुन्हा ठाण मांडलं. विसाल स्वतःची चाकं स्वतः फिरवत आत गेली. पडद्यामागचं टेबल इतकं उंच होतं की तिच्या नाकाशी आलं. तिनं कागद मांडीवर ठेवून नावं लिहिली आणि बाहेर येऊन केंद्रप्रमुखांना टेबलाबद्दल ऐकवलं. तिनं ज्यांना मत दिलं त्यातला एकही निवडून आला नाही. फवाज महिनाभर तिला "अपशकुनी" म्हणून चिडवत होता.

काही वर्षांनी सीमेपलीकडे सीरियात लढाई पेटली आणि माणसं लोंढ्यांनी आली. मीनात गॅरेजं, गोदामं, अर्धवट इमारती, सगळीकडे कुटुंबं राहू लागली. मग बातमी आली की तिकडे मुलांना पुन्हा पोलिओ होतोय. दवाखान्याची माणसं दारोदार थेंब पाजायला निघाली. त्यातली लमीस नावाची नर्स विसालकडे आली.

"काही आया दारच उघडत नाहीत. तुम्ही नुसत्या बरोबर आलात तरी काम होईल, सित्त विसाल. तुमचे पाय बघितले की लगेच मुलांची तोंडं उघडतील."

लमीसच्या मनात वाईट काही नव्हतं. विसालनं तिला कॉफी पाजली आणि विचार करून सांगते म्हणाली. ती गेल्यावर मात्र तिला काम सुचेना. लाख वाळून बोळा कडक झाला. जन्मभर ती लोकांना सांगत आली होती की माझ्याकडे बघून घाबरू नका, मी म्हणजे आपत्ती नाही. आता तिला आपत्ती म्हणूनच दारोदार न्यायचं होतं. आणि तरीही, एखाद्या लेकराला हे व्हावं असं तिला वाटत होतं का? अजिबात नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या आणि एकीनं दुसरी खोडली जात नव्हती.

"मी येते," तिनं दुसऱ्या दिवशी लमीसला कळवलं. "पण बोलायचं काय ते मी ठरवेन."

बंदराकडच्या एका गॅरेजचं शटर अर्धं खाली ओढलेलं होतं. आत खद्दूज नावाची बाई दोन मुलांना मागे लपवून उभी होती. सीरियातल्या हमा शहराच्या बाजूची, शेतातली, हातांवर भाजल्याचे जुने डाग.

"थेंबांनी पोरं वांझ होतात म्हणतात," ती म्हणाली. "आणि आमच्याकडे सरकारनं फुकट दिलेलं कुणी घेत नाही."

"मीही घेत नाही," विसाल म्हणाली. "पण हे मी माझ्या भाच्यांच्या मुलांना पाजलंय. त्या पोरांनी घर डोक्यावर घेतलंय, वांझपणाचं नंतर बघू."

खद्दूज हसली नाही, पण शटर थोडं वर केलं. ती विसालच्या पायांकडे, खुर्चीकडे, मग तोंडाकडे बघत राहिली. "मावशी, खरं सांग. फार दुःखात गेला का गं जन्म?"

लमीसनं आशेनं विसालकडे पाहिलं.

"नाही," विसाल म्हणाली. लमीसचा चेहरा पडला. "काम केलं, भांडले, मित्र मिळाले. लग्न झालं नाही, त्याचं काही वर्षं वाईट वाटलं, मग तेही सरलं. पण मला कुणी विचारलं नव्हतं, खद्दूज. माझ्या वेळी हे थेंब इथवर पोचलेच नव्हते. विचारलं असतं तर मी घेतले असते. इतकं भांडूनही गावातल्या अर्ध्या घरांत मला आजही जाता येत नाही. तुझ्या पोरांनी भांडावं, जरूर भांडावं, पण दुसऱ्या कशासाठी तरी."

खद्दूजनं शटर पुरतं वर केलं. मग तिनं धाकट्याला कानाला धरून पुढे ओढलं. त्यानं पहिला थेंब थुंकून लमीसच्या पांढऱ्या कोटावर उडवला, तेव्हा आईच्या तोंडून शिवी गेली आणि दुसरा थेंब त्याच्या घशात गेला. थोरल्यानं गुमान तोंड उघडलं.

लमीस सामान आवरत होती. तेवढ्यात मागच्या पडद्याआड काहीतरी पडल्याचा आवाज आला.

"आत कोण आहे?" विसालनं विचारलं.

"कुणी नाही," खद्दूज म्हणाली. मग तिची नजर खाली गेली. "नणंद आहे. तिला चालता येत नाही. लोक उगाच काहीबाही विचारतात, म्हणून बाहेर आणत नाही."

"तिला विचार, मी आत आलेलं चालेल का?"

पडद्याआड कुजबूज झाली. मग एक बारीक, पण अजिबात न घाबरलेला आवाज आला, "येऊ दे. आणि खुर्चीसकट येऊ दे. मला ती बघायचीय."

बाहेरून लमीसनं हाक मारली, अजून सगळी गल्ली बाकी होती.

"तू हो पुढे," विसाल म्हणाली, आणि पडदा बाजूला सारून आत गेली. गादीवर वीसेक वर्षांची मुलगी भिंतीला टेकून बसली होती. केस नुकतेच विंचरलेले.

"मी विसाल. तुझं नाव काय?"

"सबाह," ती म्हणाली आणि चाकाकडे बोट दाखवलं. "ते कसं थांबवतात?"

विसालनं खुर्ची तिच्या जवळ नेली आणि ब्रेकची दांडी तिच्या हातात दिली.